देवघरातलं कार्ड

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. नाना, पेटीचा भाता थांबू द्या. ज्याचं नाव घेऊन बसलोय त्याला एकदा मनातल्या मनात हाक मारा, आणि मग माझ्याकडं बघा. कारण आता मी तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारणार आहे.

आपलं नाव चार लोकांच्या तोंडी असावं, असं कुणाला वाटत नाही? त्या मंडपाच्या कमानीकडं बघा. देवाचं नाव केवढं, आणि देणगीदारांची नावं केवढी! हसू नका, त्यातले दोघं पहिल्याच ओळीत बसलेत. आणि मला वाटत नाही होय? पत्रिकेत माझं नाव बारीक छापलंय, हे मी चहाच्या आधी बघितलं! तर प्रश्न असा — नाव लोकांच्या तोंडी बसतं कशानं? आपण सांगत सुटल्यानं, की आणखी कशानं?

ऐका मग. फलटणला श्रीपाद खुटाळे नावाचा एक गृहस्थ होता. सरळ माणूस, जरा बोलका. पतसंस्थेत नोकरीला होता. ती संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली आणि ह्याची खुर्ची गेली. मग यानं धंदा काढला, घरासाठी कर्ज मिळवून द्यायचा. म्हणजे काय, की तुम्हाला घर घ्यायचंय, बँकेची पायरी चढायला धीर होत नाही, तर हा तुमचे कागद गोळा करणार, साहेबांपुढं बसणार, कर्ज मंजूर करून आणणार. मेहनताना बँकेनं द्यायचा. धंदा चांगला. फक्त गिऱ्हाईक नाही!

बरं, प्रयत्न कमी केले का? छे. रोज सकाळी सगळ्या गावाच्या मोबाइलवर स्वतःचा फोटो. शेजारी गुलाबाचं फूल. खाली — 'शुभ सकाळ, घराचं स्वप्न? मी आहे ना.' सख्ख्या मावसभावानं नंबर ब्लॉक केला, मंडळी! मग याला कुणीतरी सांगितलं, जिथं घराचा विषय निघतो तिथं जावं. हा निघाला वास्तुशांतीला! आमंत्रण असो-नसो, ह्या आठवड्यात इथं, त्या आठवड्यात तिथं. जिलबी खायची, कार्ड वाटायचं. अरे, पण वास्तुशांत करणाऱ्याला कर्ज कशाला लागतंय? त्याचं कर्ज काढून, घर बांधून, रंग देऊन झालाय! मुंडावळ्या सुटलेल्या नवरदेवाला स्थळ सांगण्यातला प्रकार.

आणि कार्ड कसलं म्हणता? जाड, गुळगुळीत, वर कोपऱ्यात गणपतीबाप्पा. रंगीत. शुभ कामाला बाप्पा पाहिजेच. श्रीपादच्या मनात भक्तीच होती हो. पण पुढं काय झालं, ते ऐका.

श्रीपादची बायको वृंदा घरी शिकवण्या घ्यायची, त्यावर घर चाललेलं. तिच्या वडिलांचं बारामतीला भांड्यांचं दुकान. त्यांचा निरोप आला, 'दसऱ्यापासून जावईबापूंना गल्ल्यावर पाठवा.' मनानं चांगले होते ते. पण सासऱ्याच्या दुकानात जावयानं बसायचं, म्हणजे काय असतं, हे इथं बऱ्याच जणांना माहीत आहे. माना खाली घालू नका.

वृंदा त्याला म्हणाली, "बाबांना मी दसऱ्यापर्यंत थांबवलंय. त्याच्यापुढं मला थांबवता येणार नाही."

श्रीपाद म्हणाला, "एक काम मिळू दे वृंदा. एकच. मग बघ."

तिनं त्याच्या शर्टाला इस्त्री केली. मंडळी, याला संसार म्हणतात.

तर श्रीपाद कोळकीच्या बाजूला कार्डं वाटत फिरत होता. एका खोलीच्या दारात सरूबाई भोईटे धान्य निवडत बसलेली. नवरा यशवंत, एसटीत ड्रायव्हर, फलटण-बारामती गाडीवर. श्रीपादनं कार्ड पुढं केलं.

ती म्हणाली, "तुमचं कार्ड हाय की आमच्याकडं. वास्तुशांतीत मिळालं हुतं. रोज पुजतो आम्ही."

"पुजता?"

"या की आत. बघा."

हा आत गेला. देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, भिंतीला टेकून कार्ड उभं! वर झेंडूचं फूल. आणि रोजच्या हळदीकुंकवानं खालचं सगळं लालपिवळं. बाप्पा स्वच्छ दिसतायत, श्रीपाद खुटाळे गायब! नाव नाही, नंबर नाही.

आता सांगा, बाप्पाचं चित्र असलेलं कार्ड आपण काय करतो? फेकत नाही. पाकिटात ठेवून त्यावर बसत नाही. देवघरात ठेवतो! फलटणच्या घराघरात ह्याची पूजा चाललेली, आणि हा म्हणतोय मला कुणी फोन का करत नाही!

श्रीपादला आधी रडू आलं, मग हसू फुटलं. इतकं हसू, की त्याचं पाठ केलेलं भाषणच तो विसरला. आणि मंडळी, तिथंच सगळं फिरलं. भाषण विसरलेला माणूस काय करणार? गप्प बसला. चहा आला. सरूबाई बोलायला लागली.

"किती खोल्या बदलल्या, दादा. मालक म्हणतोय उठा, की उठायचं. तुळस मी डालड्याच्या डब्यात लावलीया. जिमिनीत लावायची न्हाई. उपटून न्यायचं लई जिवावर येतंय." मग हळूच म्हणाली, "एक जागा बघितलीया. लिंबाचं झाड हाय दारात."

दारात लिंब, आणि श्रीपादच्या दारात गिऱ्हाईक! हा उड्या मारतच कागद बघायला गेला. जागा भावकीची. विकणारे दोघे भाऊ तयार होते, पण सातबाऱ्यावर तिसरं नाव होतं — बहिणीचं. विक्रीच्या कागदावर सही फक्त भावांची. भाऊ म्हणाले, "ती काय न्हाई म्हणतीय? बहिणी देतात सोडून."

श्रीपाद एसटीनं तरडगावला गेला, त्या बहिणीच्या घरी. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. ती एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारलंच न्हाई रे बाबा."

बँक म्हणाली, बहिणीची सही आणा, नाहीतर कर्ज नाही. पण एका खाजगी फायनान्सचा माणूस श्रीपादला भेटला. म्हणाला, "एवढं काय बघायचं? आमच्याकडून काढा. व्याज जरा चढं आहे, पण तुमचं कमिशन दुप्पट."

दुप्पट, मंडळी! आणि दसरा तोंडावर. सरूबाईनं तर मनानं तुळस लावूनसुद्धा टाकलेली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणाला कळणार होतं? बहीण कोर्टात जाणार, ते कधीतरी पुढं. तोवर ह्याचं कमिशन घरात. तुम्ही काय केलं असतं? नाही, मला सांगू नका. स्वतःलाच सांगा.

श्रीपाद संध्याकाळी भोईट्यांकडं गेला. यशवंत ड्यूटीवरून आलेला, पाय धूत होता. श्रीपाद म्हणाला, "वहिनी, ही जागा घेऊ नका. ज्या घरात एका बहिणीचा हुंदका आहे, त्या घरात तुमची तुळस लागायची नाही. कोर्टाची तारीख लागेल. थांबा. दुसरी बघू."

सरूबाईचा चेहरा पडला. ती आत गेली. यशवंत टॉवेलनं पाय पुसत राहिला. श्रीपाद घरी आला आणि वृंदाला म्हणाला, "ती जागा घेऊ नका, असं सांगून आलो. बाबांना कळव, येतोय म्हणून."

ती म्हणाली, "का नाही म्हणालास, ते मला सांग." त्यानं सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

आता नवरात्र होतं. आपल्याकडं हादगा असतो. पोरीबाळी, सासवा-सुना फेर धरतात, गाणी म्हणतात, शेवटी डब्यातली खिरापत ओळखतात. आणि फेर संपल्यावर बायका काय करतात? बोलतात! कोळकीच्या हादग्यात सरूबाई बोलली, "बायांनो, कर्जवाला माणूस आला आणि म्हणाला, कर्ज काढू नका." बायकांचे हात खिरापतीवर थांबले! असा माणूस कुणी बघितलाच नव्हता. तिकडं तरडगावला म्हातारी ज्याला त्याला सांगत होती, "सख्ख्या भावांनी इचारलं न्हाई, ते एका परक्या पोरानं येऊन इचारलं."

दसऱ्याच्या दुपारी श्रीपाद पिशवी घेऊन बारामती गाडीत बसला. खिडकीपाशी. गाडी काही सुटेना. तेवढ्यात ड्रायव्हर मागं वळला. यशवंत भोईटे!

"सायेब, पिशवी घेऊन कुठं?"

"बारामतीला. दुकानात बसायला."

"उतरा."

"अहो, तिकीट काढलंय."

"उतरा म्हणतोय. सरू सकाळपासनं तुमचं घर शोधतीया. कार्डावरचा नंबर कुंकवानं गेलाय. आत्ता फोन आला तिचा, सापडलं म्हणून. हादग्यातल्या बाया घेऊन सोनं द्यायला गेलीया. कागदंबी घेतल्यात समद्यांनी. तरडगावची म्हातारी हाय सोबत." आणि मागं बघून म्हणाला, "हा माणूस उतरल्याबिगर गाडी हलत न्हाई." प्रवाशांनीच त्याला उतरवला, मंडळी! कंडक्टरनं पिशवी खिडकीतून खाली दिली.

श्रीपाद घरी आला, तर दारात चपलांचा ढीग. वृंदा हसतही होती, रडतही होती. बायकांच्या एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात घराच्या कागदांच्या पिशव्या. म्हातारीनं त्याच्या हातात सोनं ठेवलं आणि म्हणाली, "बस, बाबा. एकेकीचं नीट बघ."

पुढं भोईट्यांना दुसरी जागा मिळाली, कागद चोख असलेली. सरूबाईची तुळस डब्यातून जमिनीत गेली. श्रीपादनं नवी कार्डं छापली, साधी, बाप्पाशिवाय. एक सरूबाईला द्यायला गेला. ती म्हणाली, "नगं. जुनंच असू दे बाप्पापाशी. तुमचा नंबर मला आता तोंडपाठ हाय."

तर मंडळी, तुमचं नाव कमानीवर आहे, माझं पत्रिकेत आहे. असू दे. पण स्वतःचा फायदा समोर दिसत असताना 'नका घेऊ' असं तुम्ही शेवटचं कुणाला म्हणालात? आठवा. आठवलं असेल, तर आज कुठल्यातरी घरात चुलीपाशी तुमचं नाव निघत असेल, तुम्हाला पत्ताही नसेल. आणि आठवत नसेल, तर उद्या सकाळी दुकानाची फळी उघडाल, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाकडं जरा गप्प बसून बघा.

नाना, धरा सूर. उचला टाळ.