कारभारीला फोन लावला की…

कारभारी : …म्हणून सांगतो अक्का, तू मधी पडूच नको. उद्या टेंपो घेऊन जातो आन् होस्टेलवरची गादी, ट्रंक, बादली, सगळं उचलून आणतो. झालं हिचं शिक्षण.

कुसाबाई : आधी पाणी पाज. नाशिकहून पिंपळगावपर्यंत एसटीत उभ्यानं आले. थोरली बहीण हाय तुझी, दारात टाकलेली कांद्याची गोणी नाय.

कारभारी : तृप्ते, आत्याला पाणी दे. आन् परत येऊन हितंच उभी राहा.

तृप्ती : परवापासून उभीच आहे, आप्पा.

कारभारी : बघ! बघ कशी बोलते बापाला. दोन वर्षं नाशकात काय राहिली, जीभ वीतभर झाली.

कुसाबाई : तिनं केलं काय ते तर सांग. फोनवर नुसता बोंबलत होतास, नाक कापलं, नाक कापलं. मी म्हटलं जाऊन बघावं. हाय की जागेवर. चांगलं मोठं हाय.

कारभारी : तुला चेष्टा सुचते. गॅदरिंगला गायली ही. स्टेजवर, सगळ्या कॉलेजपुढं. आन् मला कळलं कुठं? मार्केटात! लिलाव ऐन रंगात आलेला, तेवढ्यात आपल्या भावकीतला हर्षल आला, म्हणतो काका, जरा बाजूला या. मोबाईल पुढं धरला. त्यात ही! म्हणे ब्लूटूथवरून गावभर फिरतंय.

कुसाबाई : गात काय होती?

कारभारी : माझ्या तोंडून नको वदवू.

तृप्ती : मी सांगते. ‘उशीर झाला तरी ये, दार उघडंच आहे.’

कारभारी : ऐकलंस? दार उघडंच हाय! कारभारीशेठच्या पोरीचं दार!

कुसाबाई : आमच्या बिल्डिंगीत दार उघडं ठेवलं तर चपला जातात.

तृप्ती : आत्या, दुसरं बक्षीस मिळालं त्या गाण्याला.

कुसाबाई : पहिलं कुणाला?

तृप्ती : कुत्र्याचे आवाज काढणाऱ्या मुलाला.

कुसाबाई : मग बरोबर हाय. आणि खरं सांगू का तृप्ती, तुझ्या गाण्यातली ती बाईपण मला काही झेपली नाय. दार उघडं टाकून वाट बघत बसलीय. घरात दुसरं काम नाय का तिला? दळण, पाणी, भांडी?

तृप्ती : शेवटच्या कडव्यात ती दार लावून घेते, आत्या. आतून कडी घालते आणि झोपते. तो बाहेर उभा राहतो.

कुसाबाई : अगं मग ते का नाय दाखवलं हर्षलनं?

तृप्ती : त्याला पहिलंच कडवं आवडलं. तेवढंच कापून पाठवलं त्यानं सगळ्यांना.

कारभारी : शेवटी कडी लावली म्हणून आधीचं पुसलं जातं का? अक्का, ही गाणी वाळवी हाय, वाळवी. कानात ती बोंडं खुपसायची आन् दिवसभर मान हलवायची. पोरं डोळ्यांदेखत सडायला लागलीत. गाण्यात म्हणतात जीव देतो, की ही निघाली जीव द्यायला. गाण्यात म्हणतात पळून जाऊ, की ही बघतात बसचं टाईमटेबल. स्वतःची अक्कल म्हणून उरली नाय कुणाला.

कुसाबाई : बरोबर हाय तुझं.

कारभारी : काय?

कुसाबाई : मी कुठं नाय म्हणते? गाण्यानं पोरं बिघडतात. चांगली कामातनं जातात.

तृप्ती : आत्या! मी तुला ह्यासाठी बोलावलं का?

कुसाबाई : थांब गं. तो हर्षलच बघ की, कारभारी. वर्षभर त्या मास्तरांच्या वेदिकेच्या मागं गाडी घेऊन फिरला. तिनं रस्ता बदलला, हा त्या रस्त्यानं. तिनं क्लास बदलला, हा क्लासबाहेर. शेवटी मास्तरांनी पोरीला मामाकडं लासलगावला नेऊन ठेवली. मी ह्याला विचारलं, मेल्या, ती नको म्हणते ते कळत नाय का तुला? तर मला म्हणतो कसा, आत्या, गाण्यातपण ती आधी नाहीच म्हणते.

कारभारी : पोरगा हाय तो. वय असतं.

कुसाबाई : हां. आणि शिक्षण कुणाचं थांबलं? वेदिकेचं. आता तृप्तीचं. हर्षल कुठं हाय सध्या?

तृप्ती : कॉलेजात. माझी क्लिप दाखवतोय मुलांना.

कारभारी : ते मी बघून घेईन. विषय हिचा हाय. हिला कुणी विचारणारंच नाय तिथं. ती रेक्टर मॅडम, एवढी फी घेतात, पोरगी परवापासून गायब हाय, बापाला एक फोन करावा वाटला का तिला?

कुसाबाई : केला की.

कारभारी : कुणाला?

कुसाबाई : तुलाच. काल तीनदा लावला. मग कंटाळून मला लावला. तिथली पालक म्हणून माझाच नंबर दिलाय ना फॉर्मात. म्हणाल्या, सोमवारी हिचं प्रॅक्टिकल हाय, नाय आली तर वर्ष गेलं. आणि आज संध्याकाळपर्यंत वडलांनी स्वतः सांगितलं नाय, तर कॉट दुसऱ्या मुलीला देणार. बाहेर रांग लागलीय म्हणे.

कारभारी : मला फोन आलाच नाय तिचा. हां, मिस कॉल असतील. मिस कॉल तर मोजून होत नाहीत माझे. दिवसभर चालूच. उचलायला गेलो की कट. मार्केटात नाव हाय आपलं, अक्का. सगळ्यांना कारभारीशेठ लागतो.

तृप्ती : आत्या, नको सांगू.

कारभारी : काय नको सांगू?

कुसाबाई : मॅडम म्हणाल्या, तृप्तीनं वडलांचा नंबर चुकीचा लिहिलाय. त्यावर कुण्या टवाळ माणसाचा फोन लागतो.

कारभारी : टवाळ? नंबर तर माझाच हाय. पाठ हाय सगळ्या तालुक्याला.

कुसाबाई : सगळ्या तालुक्याला तुझं गाणंबी पाठ हाय.

कारभारी : कसलं गाणं? माझ्या फोनात गाणं नाय. ही बघ, साधी घंटी ठेवलीय मी. खटपट नकोच आपल्याला.

कुसाबाई : घंटी तुला ऐकू येते. तुला फोन लावणाऱ्याला काय ऐकू येतं, ते कधी ऐकलंस का? स्वतःला फोन लावलायस कधी?

कारभारी : स्वतःला कोण लावतं?

कुसाबाई : धर, मी लावते. तृप्ती, तो स्पीकर कुठं असतो गं? हां. कारभारी, उचलायचा नाय. गप ऐकायचं.

(कारभारीच्या सदऱ्याच्या खिशात साधी, सोवळी घंटी वाजू लागते. कुसाबाईच्या हातातून मात्र ढोलकी कडाडते, शिट्टी वाजते, आणि एक घोगरा बुवा गळा काढतो : ‘पैंजण काढून ये गं राणी, उसात कुणीच नाय…’ आत स्वयंपाकघरात तृप्तीच्या आईच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबतो. मग हसू दाबण्याचा येतो.)

कारभारी : बंद कर. बंद कर ते! हे… हे माझं नाय. हे तर गोटीरामचं हाय!

कुसाबाई : कोण गोटीराम?

कारभारी : द्राक्षाची औषधं विकतो तो. त्याला फोन लावला की हेच वाजायचं. माझं डोकं फिरायचं. मग मधीच एक बाई बोलायची, काहीतरी लांबलचक, आन् शेवटी म्हणायची, स्टार दाबा. मी म्हटलं हे बंद करायचं बटण असणार. दाबला स्टार. लगेच बंद झालं.

तृप्ती : बंद नाही झालं, आप्पा. ती बाई म्हणत होती, हे गाणं तुम्हाला हवं असेल तर स्टार दाबा.

कारभारी : हवं असेल तर?

तृप्ती : दर महिन्याला पैसेपण कापतात त्याचे.

कारभारी : म्हणजे गेल्या श्रावणापासून… मार्केटातले सगळे… बँकेचे साहेब… बाबाजीबुवा कीर्तनाची तारीख विचारायला…

कुसाबाई : बुवांनी दोनदा लावला असंल. एकदा तारखेला, एकदा गाण्याला.

कारभारी : आन् ते मिस कॉल?

तृप्ती : मार्केटमधली पोरं लावतात. गाणं ऐकतात आणि तुम्ही उचलायच्या आत ठेवून देतात.

कारभारी : तुला हे ठाऊक होतं? आन् बापाला सांगितलं नाय?

तृप्ती : कसं सांगणार? ‘आप्पा, तुमचं गाणं’ एवढं म्हटलं असतं तरी तुम्ही माझा मोबाईल विहिरीत टाकला असता. मी होस्टेलवरून फोन लावायचे ना, तेव्हा आधी मैत्रिणींना लांब पाठवायचे. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून फोन कानात दाबून धरायचे. तुम्ही म्हणता, मार्केटात मान खाली गेली. माझी तर रोज जात होती, आप्पा. पण मी तुमचं मार्केट नाही बंद केलं.

कुसाबाई : म्हणून म्हटलं, गाण्यानं माणूस बिघडतो हे खरंच असणार. सात-आठ महिने हे गाणं बाळगून हायस. काय झालं तुझं? गेलास का कुणाच्या उसात?

कारभारी : अक्का, पोरीदेखत!

कुसाबाई : पोरीनं तर फक्त दार उघडं ठेवलं. तुझी राणी पैंजणं हातात घेऊन निघाली.

कारभारी : मला असली घाण आवडत नाय, देवाशपथ. आमच्या वेळची गाणी कशी होती! अर्थ होता. संस्कार होते. ऐकलं की डोळ्याला धार लागायची. तुझ्या लग्नात बँडवाल्यांनी ते वाजवलं होतं, बहिणीला निरोप देतात ते. आठवतं? मांडवात उभा राहून ढसाढसा रडलो होतो मी.

कुसाबाई : आठवतं. सदरा भिजला होता तुझा. पुढं कितीतरी दिवस बायका सांगायच्या, भाऊ असावा तर असा.

कारभारी : मग! ते गाणं ते. असलं काळजाला हात घालणारं गाणं आज हाय का एक तरी?

कुसाबाई : काय होतं रे त्यात? सांग की. तुला पाठ होतं.

कारभारी : हेच, की… बहिणी, आता तेच तुझं घर. सुख मिळो, दुःख मिळो, तो उंबरा सोडू नको.

कुसाबाई : हां. तेच. मग पुढच्या दिवाळीला मी आले. हात गळ्यात बांधलेला. तुला म्हटलं, कारभारी, मला परत नको पाठवू, ते लोक मारतात. बाप नव्हता आपला, घरात तूच कर्ता. वीस वर्षांचा. आठवतं?

कारभारी : अक्का, कशाला आता…

कुसाबाई : तू रडलास. मांडवात रडलास त्याच्यापेक्षा जास्त रडलास. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सायकलवर पुढं बसवून मला सोडून आलास. दांडीवर माझा हात आपटत होता. आणि मागं तू तेच गाणं गुणगुणत होतास.

कारभारी : मला वाटलं, तसंच असतं. तेच बरोबर असतं.

कुसाबाई : वाटलं नव्हतं. ऐकलं होतंस. लय गोड चाल होती ना, म्हणून खरं वाटलं. तुझ्या त्या संस्कारांच्या गाण्यापायी बारा वर्षं काढली मी त्या घरात, तो माणूस मरेपर्यंत. त्यापेक्षा हे पैंजणवालं बरं. ऐकून कुणी निदान फसत तरी नाय.

तृप्ती : आत्या, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

कुसाबाई : तुला काय सांगू? तुझा बाप इतका छान रडला होता की मलापण वाटलं, ह्यानं आपल्यासाठी लय केलं. कळायला वर्षं गेली मला. गाण्याला रडला होता तो. मला नाय.

कारभारी : अक्का…

कुसाबाई : झालं का तुझं सुरू? आधी डोळे पूस. रडू नको. एवढी एक गोष्ट कर माझ्यासाठी, आज रडू नको. तुझं रडणं मला महागात पडतं.

कारभारी : नाय रडत.

कुसाबाई : हिला कुठल्या चालीवर निरोप देणार हायस, ते तेवढं सांग. म्हणजे मी आपली संध्याकाळच्या एसटीनं जाते.

कारभारी : तृप्ते.

तृप्ती : काय?

कारभारी : ते शेवटचं कडवं. ती कडी लावते आन् झोपते म्हणालीस. आन् तो?

तृप्ती : तो बाहेर उभा राहतो. गाणं तिथंच संपतं. त्याचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही.

कारभारी : त्या मॅडमचा नंबर सांग.

तृप्ती : काय सांगणार आहात त्यांना?

कारभारी : तू नंबर तर सांग.

तृप्ती : आधी ते गाणं काढून देते. एक मेसेज पाठवायचा असतो फक्त. नाहीतर मॅडमनी परत फोन केला तर…

कारभारी : ते नंतर. संध्याकाळ व्हायला आली. आधी फोन.

कुसाबाई : स्पीकर लावू नको रे बाबा. एकाच दिवसात किती ऐकावं माणसानं.

कारभारी : वाजतंय… साधंच वाजतंय तिचं… हां, नमस्कार मॅडम. मी कारभारी बोलतो, पिंपळगावहून. तृप्तीचा बाप… हो… नाय, नाय, कॉट नका देऊ कुणाला. उद्या येतेय ती. मी स्वतः आणून सोडतो… हो, प्रॅक्टिकलला असंल ती… काय म्हणता?… नाय मॅडम, पोरीनं नंबर बरोबर लिहिला होता. तुम्ही लावला तो माझाच… हां… हो मॅडम. ते गाणंपण माझंच.