उतार सोडून

– नाही, गवत कापायचा भाव मी एकरावर सांगत नाही. बसा ना, त्या खुर्चीवरचं मांजर ढकला खाली, त्याला सवय आहे. एकरावर सांगणारा न बघता सांगतो. मी आधी सगळी जमीन पायी फिरते, काठी घेऊन – गवतात काय दडलंय ते ट्रॅक्टरवर बसून दिसतं थोडंच? कुठे झाडाचा बुंधा, कुठे जुन्या कुंपणाची तार. तार पात्यांना गुंडाळली की अर्धा दिवस गेला, आणि तो कुणाच्या हिशेबात? तुमच्याच. मग आधी फिरलेलं बरं नाही का? ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायला-उतरवायला वेळ तेवढाच लागतो, अंगणाएवढा तुकडा असो नाहीतर प्रुइटांची अख्खी जमीन – म्हणून येण्याचे वेगळे, पुढे तासावर. गुडघ्याएवढ्या गवताला एक भाव, छातीएवढ्याला दुसरा. प्रुइटांचं छातीएवढं आहे – हो हो, आता तुम्ही विकत घेतलीत, तुमचीच. पण लोक अजून बरीच वर्षं प्रुइटांचीच म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका.

चहा घ्या, बर्फ घातलाय. गोड आहे – केंटकीत बिनसाखरेचा मागितलात तर लोक तब्येतीची चौकशी करतील. तर खालचं सपाट कुरण मी करीन, ओढ्याकाठही करीन, पण थोडं थांबून – सध्या हरणांची पाडसं गवतात निजलेली असतात, ट्रॅक्टर अंगावर आला तरी हलत नाहीत. आईनं सांगितलेलं असतं ना, हलायचं नाही. टेकडीचा उतार तेवढा मी करत नाही. उतार सोडून भाव सांगते – काय? दुसऱ्याला दिलात? कुणाला, डेन्व्हरला? स्वस्तात करतो म्हणाला असेल. आजच? म्हणजे मघापासून ट्रॅक्टरचा आवाज येतोय तो तुमच्याच उतारावरून.

नाही, काही नाही. चांगला माणूस आहे डेन्व्हर. ऐका – आता आवाज हलका झाला ना? वळतोय. वळताना मागचा गवत कापायचा कटर उचलतात, इंजिनावरचा भार जातो. आता भरेल बघा... भरला. गवत लागलं. मला इथं चुलीपाशी उभं राहून कळतं कोण कुठवर आलं ते. रॉइस कापायला गेला की मी आवाजावरूनच मक्याचा पाव भाजायला टाकायची, म्हणजे तो दारात यायला आणि पाव निघायला एक वेळ. रॉइस म्हणजे माझा नवरा. बाहेरच्या पाटीवर नाव वाचलंत ते त्याचंच – बदलून घेणार होते मी.

त्या उताराच्या वरच्या अंगाला अक्रोडाची झाडं आहेत, फांद्या पार खाली आलेल्या. ट्रॅक्टरच्या सीटमागे लोखंडी कमान असते – उलटला तर माणूस वाचावा म्हणून. फांद्यांखालून जायचं तर ती कमान मागे पाडावी लागते. पाडतात सगळेच. आणि झाडं संपली की लगेच उतार. कमान पुन्हा उभी करायची म्हणजे थांबा, उतरा, दोन्हीकडच्या खिळी बसवा – कोण उतरतो? एवढी एक फेरी मारू, मग लावू. रॉइस तर दुसऱ्यांना रागवायचा त्यावरून. डेन्व्हरलाच रागवला होता एकदा, पेट्रोल पंपावर, चारचौघांत.

उलटलेला ट्रॅक्टर लगेच बंद पडतोच असं नाही, ठाऊक आहे तुम्हाला? चालू राहतो. हलका, एकसारखा. मला वाटलं कुंपणापाशी कुणी भेटलं असेल – बोलायला लागला की इंजिन बंद करायचं भान नसायचं त्याला. येईल म्हटलं. पाव निघाला, त्यावर फडकं झाकलं. बराच वेळ छान वाटत होतं तो आवाज ऐकायला – म्हणजे, आहे ना जवळपास, असं –

असो. भाव सांगत होते मी. इतकं दाट असलं की एकदा उंच कापायचं, मग दुसऱ्यांदा खाली घेऊन, म्हणजे दोनदा –

थांबा जरा. तो चमचा ठेवा खाली.

हलका झाला आवाज. वळतोय. वळतच असेल.

तुम्ही त्याला कमानीचं काही – नाही, तुम्हाला कुठून ठाऊक असणार. रुंद वळण घेतो डेन्व्हर, पहिल्यापासून सवय आहे त्याची. भरेल आता.

भरेल.

उठा. गाडीची किल्ली तुमच्याच खिशात आहे ना? चहा राहू दे – उठा.