मान की प्राण : रंगराव वस्तादांची गोष्ट

मंडळी, ऐका. परवा वडजाईला रंगराव वस्तादांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर सव्वीस फोटो. मोजले मी, रसायनशास्त्र शिकलोय, सवय जात नाही! सगळे सत्काराचे. त्यातल्या बावीस फोटोंत वस्तादांचं तोंड उघडं आणि समोर कुणाचा तरी पेढा धरलेला हात. आता सांगा – एवढा मोठा माणूस मेला कशानं?

गाव म्हणतं, दृष्ट लागली.

दृष्ट? ज्यानं तांबड्या मातीत पिढ्या घडवल्या, त्याला नजरेनं चितपट केलं? अहो, पटेल असं तरी बोला!

झालं ते असं. वस्तादांचा पठ्ठ्या कुस्तीत राज्यात पहिला आला आणि दारात सत्कारांची रीघ लागली. वस्तादांना साखरेचा आजार. अंगठ्याला ठेच लागलेली, जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं होतं – साखर उतरली नाही तर आधी पाय जाईल, मग जीव. गावाला माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं! जो तो जखमेची चौकशी करायचा आणि निघताना पेढा भरवायचा.

एक दिवस दूध संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब आले. वस्तादांच्या पत्नी गोदाकाकू आडव्या आल्या.

"अण्णा, हार घाला, फेटा बांधा. पेढा तेवढा नको. पाय काळा पडायला लागलाय त्यांचा."

"काकू, एका पेढ्यानं काय होतंय? चार माणसांत माझा हात मागं सारणार काय?"

वस्तादांनी काकूंकडं पाहिलं, अण्णासाहेबांकडं पाहिलं. आखाड्यात कुणापुढं न वाकलेला गडी – त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात फोटोवाला म्हणतो, वस्तादांचे डोळे मिटले, परत घ्या. झालं, दुसरा पेढा!

आधी अंगठा गेला. मग गुडघ्याखालचा पाय. ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून एक महाभाग दवाखान्यात काय घेऊन आला असेल? हसू नका. पेढेच! पुढं रक्तात विष भिनलं आणि वस्ताद गेले.

आणि गोदाकाकूंना गाव काय म्हणालं, ठाऊक आहे? कजाग. आल्यागेल्याचा मान न राखणारी. अरे, त्या माणसाचा जीव राखायला एकटी तीच उभी होती! भरवणारा तो प्रेमळ आणि अडवणारी ती कजाग, हा कुठला न्याय? तुमच्या पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याचं ताट तुम्ही कधी सोडलंय? पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडता आणि वर म्हणता, आग्रह केला!

आज वस्तादांचं वर्षश्राद्ध. मंडपात शिरताना नर्सताईंनी तुमच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. कशाला, म्हणून कुरकुरलात. आकडा आत्ताच हातात आलाय.

तपासलेले : एकशे अठरा. साखर दोनशेच्या वर : चौतीस.