दोन दिवसांची वंदना

अगं, मोठीच्या लग्नाचा होकार माझ्या मोबाइलने कसा अडवून ठेवला होता, ते तुला सांगितलंच नाही!

धाकटी सोनल कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने माझ्यासाठी एक ॲप बनवलं, मी कुठे आहे ते ओळखून नियमाप्रमाणे वागणारं. नियम असा, की मी बुद्धविहारात असले तर येणारा फोन वाजू न देता कापायचा आणि समोरच्याला मेसेज पाठवायचा, “आई वंदनेला बसली आहे.”

इकडे अंबरनाथहून मुलाकडच्यांचा फोन काही येईना. तिसऱ्या दिवशी मुलाची आई स्वतःच हेंद्रेपाड्यात आमच्या दारात हजर! मी बोंबील साफ करत बसले होते.

“ताई, उठलात का वंदनेवरून? होकार कळवायला परवापासून फोन करतेय. तुमची वंदना संपेपर्यंत पोरं म्हातारी व्हायची!”

मी सोनलला हाक मारली. तिने मोबाइल तपासला. विहाराची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे ॲपच्या हिशेबाने मी दिवसभर विहारातच होते.

“ॲप बरोबर चाललंय, आई,” सोनल शांतपणे म्हणाली. “आपलं घरच चुकीच्या जागी आहे.”