बोलता बोलता निळा पडदा

धाकटा : आईचं सांग, तुझ्या ऑफिसचं सांग, सगळं ऐकतो. बाबांचा विषय मात्र नको, ताई. त्यांनी त्या दिवशी माझ्या तोंडावर लॅपटॉप बंद केला, तिथेच तो विषय संपला.

ताई : त्यांनी बंद केला नाही. तो बंद पडला. तेवढंच सांगायला मी वाट वाकडी करून तुझ्याकडे उतरले आहे. तुझी इस्त्री चालू दे, पण कान इकडे ठेव.

धाकटा : मी एक प्रश्न विचारतो आणि नेमकं तेव्हाच ते यंत्र बंद पडतं. हे आईनेही मला फोनवर ऐकवलं होतं. कुणाला पटेल?

ताई : तुला पटलं नाही म्हणून तर तिने पुढचं सगळं केलं. का बंद पडतं ते सापडल्याशिवाय हा ऐकणार नाही, शेवटी त्यांचाच मुलगा आहे, असं मला म्हणाली. आणि शोधून काढलं तिने. सगळा उन्हाळा त्यात घातला.

धाकटा : आईने? फोनमधला टॉर्च लागला की बंद करायला शेजारी जाते ती.

ताई : जायची. आता शेजारचे तिच्याकडे येतात. तू मला सुरुवातीपासून सांगू दे. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, तेव्हा तू हॉस्पिटलात होतास. घरी आल्यावरचं तू पाहिलं नाहीस. ज्या माणसाने जन्मभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली, ज्यांचं ‘क्लच, क्लच’ दोन चौक पलीकडे ऐकू जायचं, ते घरात टिचक्या वाजवून पाणी मागायला लागले. पाटीवर लिहायला तयार नाहीत. मी काय बिगरीत आहे का, असं हातानेच विचारलं. मग मी तो लॅपटॉप आणून दिला. यांनी टाइप करायचं, त्याने बोलायचं. पहिल्या दिवशी त्यातून बाईचा आवाज आला. आई म्हणाली, या घरात बाईमाणूस बोलायला मी पुरेशी आहे, हा बदला.

धाकटा : हे मला ठाऊक नव्हतं.

ताई : बदलला आवाज, आणि बाबा सुटलेच. दूधवाल्याशी बोल, पेपरवाल्याशी वाद घाल. अख्खं वाक्य होईपर्यंत थांबायला धीर कुठला, म्हणून एकेक शब्द टाइप झाला की यंत्राने तो लगेच बोलायचा, अशी सोय करून घेतली. आई स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायची. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. आणि मग तो निळा पडदा सुरू झाला. बोलता बोलता अचानक सगळं निळं, वर ते पडलेल्या तोंडाचं चित्र, खाली इंग्रजी ओळी. मग आपलं आपणच पुन्हा चालू. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. अर्ध्या वाक्यात तोंड दाबल्यासारखं व्हायचं रे. बाबा मूठ आपटायचे आणि उठून गॅलरीत जायचे.

धाकटा : असं सहसा ड्रायव्हर, म्हणजे आतले भाग चालवणारा प्रोग्राम, बिघडला की होतं.

ताई : दुरुस्तीवाला पहिल्यांदा हेच म्हणाला. ‘ड्रायव्हर जुना झालाय.’ बाबांनी आईकडे असं पाहिलं, की हा माणूस यंत्राबद्दल बोलतोय की माझ्याबद्दल. पण तो दुरुस्तीवाला कामाचा होता. त्याने ड्रायव्हर नवे घातले, आतलं सगळं पुसून परत भरलं, पंख्यातली धूळ काढली. लॅपटॉप आपल्याकडे ठेवून घेतला, रात्रंदिवस चालवून पाहिला. एकदाही निळा झाला नाही. घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आले असताना झाला. मामांनीच दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर म्हणाला, परत घेऊन या. आई म्हणाली, पुन्हा इतके दिवस यांना मुकं ठेवायचं का? आणि नेलाच नाही. मशीन आहे, बिघडणारच, म्हणून सोडून दिलं. मग तुझा तो व्हिडिओ कॉल झाला.

धाकटा : मी साधं विचारलं होतं. नोकरी सोडून येतो, ड्रायव्हिंग स्कूल मी चालवतो, येऊ का? समोरून एक शब्द आला. ‘नको.’ आणि पडदा काळा.

ताई : तुझ्याकडे काळा. त्यांच्याकडे निळा.

धाकटा : पुन्हा चालू झाल्यावर फोन करता आला असता.

ताई : केला. दोनदा केला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा करायची त्यांची हिंमत झाली नाही. पुन्हा अर्ध्यातच गेलं तर, याची धास्ती. ज्याला घसा आहे त्याला हे कळणार नाही. शब्द तोंडात आलाय आणि तो दुसऱ्याच्या मर्जीवर आहे.

धाकटा : पुढे?

ताई : पुढे आईने ते काम हातात घेतलं. तू छापखान्यात डबा द्यायला जायचास ना तिला? मुद्रितं तपासताना बसायची कशी, आठवतं? पुस्तक चांगलं की वाईट, त्याच्याशी देणंघेणं नाही. एकेका अक्षरावर बोट. तशीच बसली. दुरुस्तीवाल्याला जाऊन भेटली, म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, शोधायचं कसं तेवढं सांगा. त्याने खुर्ची दिली, नीट समजावलं. प्रत्येक वेळी खालच्या ओळी वेगळ्या येताहेत, म्हणजे दोष बहुतेक प्रोग्राममध्ये नाही, आतल्या एखाद्या सुट्या भागात आहे. आणि काकू, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर काय लागू पडलं ते कळणार नाही. हे तिला फार आवडलं. मला फोन करून सांगितलं, अगं, हे तर आमच्यासारखंच आहे.

धाकटा : आणि काय बदललं?

ताई : आधी चार्जर. काही दिवस नुसत्या बॅटरीवर. तरी निळा. मग लॅपटॉप पाटावर ठेवला, खाली हवा खेळावी म्हणून. तरी निळा. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, आई, व्हिडिओ कॉलनेच होत असणार, तो बंद करून बघ. केला बंद. तर मामा समोरच्या खुर्चीत बसलेले, कुठलाच कॉल नाही, क्रिकेटवरून दोघांची जुंपली आणि निळा. आई माझा अंदाज खोडून पुढच्याकडे वळली.

धाकटा : मला नसतं जमलं. मी दुसऱ्या दिवशी नवा घेतला असता.

ताई : मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, नवा घे, पण मुलाला काय सांगू? आम्हाला काय झालं ते कळलं नाही, असं? तर मग तिच्या एक लक्षात आलं. ती स्वतः बसून मेल लिहायची तेव्हा कधीच होत नसे. बाबा बुद्धिबळ खेळायचे तेव्हा नाही. दूधवाल्याशी बोलताना नाही. मामांशी वाद घालताना मात्र हमखास. आणि त्या दिवशी तुझ्याशी बोलताना.

धाकटा : म्हणजे चिडले की.

ताई : चिडले, गहिवरले, काहीही. आत ढवळून आलं की. मी हसले. म्हटलं, आई, यंत्राला काय कळतंय त्यांचं मन? ती हसली नाही. म्हणाली, यंत्राला नसेल कळत, मला कळतं ना. इतके दिवस मी पडद्याकडे बघत होते, आता त्यांच्याकडे बघते. आणि एका दुपारी भाजी निवडत समोर बसली आणि मुद्दाम कळ काढली.

धाकटा : काय म्हणाली?

ताई : म्हणाली, ती जुनी शिकवणीची गाडी उगाच जागा अडवतेय, भंगारात देऊन टाकू.

धाकटा : बाप रे.

ताई : बाबा उसळलेच. टाइप करायला लागले. ते टाइप करतात एका बोटाने, उजव्या हाताच्या, हे तुला माहीत आहे. पण डावा हात काय करतो, ते आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. शांत असले की तो मांडीवर असतो. जीव वर आला की डाव्या तळहाताचा सगळा भार लॅपटॉपच्या कोपऱ्यावर. पुढे झुकून, अख्खं अंग त्यावर टाकून. जन्मभर शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबत बसलेला माणूस तो. काळजाचा ठोका चुकला की काहीतरी दाबायचं, ही सवय पायातून हातात आलेली. ‘गाडीला हात’ एवढं बोलून झालं आणि निळा पडदा.

धाकटा : एकदा झालं म्हणजे...

ताई : हेच ती म्हणाली. एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. बाबांना बाजूला बसवलं. लॅपटॉप पुन्हा चालू झाल्यावर त्यावर नुसतं गाणं लावलं आणि आपला तळहात त्या कोपऱ्यावर ठेवून उभ्याने जोर दिला. निळा. पुन्हा चालू केला, उजव्या कोपऱ्यावर जोर दिला. काही नाही, गाणं चालू. पुन्हा डावा. निळा. मग बाबांना म्हणाली, आता डावा हात मांडीखाली घेऊन बसा आणि मला हवं ते बोला. बाबा संध्याकाळपर्यंत बोलले. गाडीवरून बोलले, तिच्या भावावरून बोलले, कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी काढल्या. यंत्र एकदाही अडखळलं नाही. मला फोन केला तेव्हा मागे तो आवाज चालूच होता. ती म्हणाली, ऐक, तुझे बाबा मला इतकं बोलताहेत, आणि मला इतकं बरं वाटतंय.

धाकटा : मग दुरुस्तीवाल्याकडे नेला?

ताई : लगेच दुसऱ्या दिवशी. तिने त्याला एवढंच सांगितलं, इथे हात ठेवून दाबा. त्याने दाबलं, निळा. तो हसायलाच लागला. आतून आपल्या जोडीदाराला बोलावून त्यालाही दाबायला लावलं. मग उघडलं. बरोबर त्या कोपऱ्याखाली मेमरीची पट्टी बसते, तिची खाच सैल झालेली. वरून दाब आला की पट्टी क्षणभर सुटायची. टेबलावर नुसता चालत ठेवला तर ती कशाला हलेल? म्हणून त्याच्याकडे कधी झालंच नाही. त्याने पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवली, पुसली, बंद केलं आणि आईला म्हणाला, काकू, इथे नोकरी देतो, या. खरंच म्हणाला. आई आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होती.

धाकटा : आता नीट चालतो?

ताई : मी गेल्या आठवड्यात तिथे होते. बाबा दोन्ही हात आपटून बोलतात त्यावर.

[धाकट्याच्या हातातली इस्त्री शर्टावर एकाच जागी थांबते.]

ताई : इस्त्री उचल, शर्ट जळेल.

धाकटा : ताई, त्यांचं ते ‘नको’. ते तर यंत्राने नीटच बोललं होतं. ‘नको’च म्हणाले होते ते.

ताई : तू गेलास, मग लॅपटॉप पुन्हा चालू झाला. त्यावर तू नव्हतास. बाबा तसेच बसून राहिले आणि मग राहिलेलं वाक्य त्यांनी पूर्ण टाइप केलं. खोलीत आईखेरीज कुणी नव्हतं. यंत्राने ते पहिल्यापासून बोलून दाखवलं. ‘नको विचारत बसू, ये.’

धाकटा : तिने मला हे फोनवर का नाही सांगितलं?

ताई : सांगायला लागली होती. तू ‘मशीन बंद पडलं’ एवढं ऐकलंस आणि फोन ठेवलास.

धाकटा : हो. ठेवला होता.

ताई : त्या संध्याकाळी ते गॅलरीतही गेले नाहीत. लॅपटॉपसमोरच बसून होते. आईने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती रडली. पुन्हा कधी त्याबद्दल रडली नाही. दुसऱ्या सकाळी दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि कामाला लागली.

धाकटा : मी इथे बसून सगळ्यांना सांगत होतो, आमच्या बाबांना मी नकोच आहे. आणि ती तिथे पाट घे, चार्जर काढ, करत बसली होती.

ताई : करत बसली होती. आणि या सगळ्यात तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मी काढला, तर मलाच गप्प केलं.

धाकटा : तुझा फोन दे. माझ्या फोनवरून केला तर ती घाबरेल, या वेळी मी कधी करत नाही.

ताई : घाबरू दे थोडी. तुझ्याच फोनवरून कर.

धाकटा : हॅलो, आई. मीच. नाही, बरा आहे. ताई आली आहे इथे. तिने सांगितलं सगळं. आई, तू ते कसलं शोधून काढलंस गं. मला तर... बाबा आहेत का? जागे आहेत?

आई : आहेत ना, समोरच बसलेत. तुझं नाव ऐकून लॅपटॉप उघडलासुद्धा. देते, पण घाई करू नकोस. त्यांना एका बोटाने लिहायला वेळ लागतो. मध्ये आवाज आला नाही तरी तू थांब.