मास्तरनं नावं काढली

...तं म्हनूनच तुमाले सांगतो, लिवनं काई जड नाई, बावा. कागद घेतला, टाक बुडवला, लिवलं. पन तेच कागद छापाले नेले ना, का मंग मानसाची जे फरफट सुरू होते, ते आमच्या देवसिंग मास्तरले इचारा. नाई तं नका इचारू, तो काई सांगत नाई, नुसता हसते. मीच सांगतो, बसा.

देवसिंग राठोड म्हंजे बोरी अरबच्या शाळेतला मास्तर, अन् घर त्याचं तिथून कोसभर, तांड्यावर. बाप भीमसिंग तांड्याचा नायक. आता तांड्यावर घरं हायेत, वावरं हायेत, कापूस हाय, तूर हाय, पन याईचे आजे-पंजे बैलाईच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. रेल्वे आली अन् ते संपलं. शेवटच्या फेरीत भीमसिंग होता, पोरसवदा, अन् त्याच्याच उमरीचा त्याचा चुलतभाऊ खेमसिंग होता. देवसिंगनं लहानपनापासून हेच ऐकलं... कोनता बैल कोनत्या नदीत वाहून गेला, कोनाची बाई कोनत्या झाडाखाली बाळंत झाली, पटकी आली तवा कोनाले कुठी माती दिली. अन् हे सांगनारे एकेक करून जाऊन राह्यले, हेही त्याले दिसत होतं. तांड्यातला शिकलेला हा पहिला. त्याच्या मनानं घेतलं, का आपन नाई लिवलं तं कोन लिवते? शाळा सुटली का लिवत बसे, उन्हाळ्यात शेतातल्या गोठ्यात जाऊन लिवत बसे, अन् सारं खरं लिवलं, खऱ्या मानसाईच्या खऱ्या नावानं. 'मिठाची वाट' असं पुस्तकाचं नाव ठेवलं. झालं. लिवनं काई जड नाई.

आता छापते कोन? कोनी सांगतलं, पुन्याले धाडा. धाडलं. लई दिवसानं उत्तर आलं, का मजकूर बरा आहे, पण भाषा शुद्ध करावी. आता मास्तर मानूस तो! पोराईचं शुद्धलेखन तपासते तसं सोताचंच पुस्तक तपासाले बसला. मंग काय झालं, तं नदीले पूर आलेला, बैल बिथरलेले, अन् काठावरचा म्हातारा म्हनते काय, 'अरे बंधो, प्रवाह फार वेगवान दिसतो, तेव्हा आपण किंचित थांबावे.' मास्तरची माय रुपीबाई, जिनं उभ्या जन्मात नवऱ्याले कधी नावानं हाक मारली नाई, ते पुस्तकात म्हनू लागली, 'नाथ, जरा इकडे या.' हे सारं त्यानं बापाले वाचून दाखवलं. भीमसिंगनं आखरीपर्यंत ऐकलं, चिलीम खाली ठेवली, अन् लई सरळपनानं इचारलं, का हे लोक कोन होत? आपल्याच वाटेनं गेलते का? आपल्याले तं कुठी भेटले नाई.

मास्तर तसाच लिवाले बसला. त्यानं सारं पुन्हा पहिल्यासारखं लिवलं. तोंडातल्या गोष्टी जशाच्या तशा, बाकीचं मास्तरच्या मराठीत. अन् पुन्याले ते गेलंच नाई.

मंग यवतमाळ. तिथी घनश्यामबाबूचा छापखाना. लग्नपत्रिका, कापसाच्या पावत्या, जत्रेचे कागद, असं काम. मानूस भला, त्याईनं लगेच हो म्हटलं, फक्त म्हने लग्नसराई होऊन जाऊ द्या. लग्नसराई झाली तं शाळाईचे कागद आले. ते झाले तं कापूस निघाला, पावत्या. पावत्या सरल्या तं पुन्हा लग्नसराई. मधात कुठी सवड सापडली तं मास्तरचे चार पानं. मास्तर दर सुट्टीले बोरीहून मोटरीनं यवतमाळले जाऊन बसे, आजाऱ्याजवळ बसावं तसा.

अन् ते काम कसं, तुमाले सांगतो. शिशाचे खिळे राह्यतेत, एकेक अक्षर उचलायचं अन् ओळ जुळवायची. तं एक दिवस काम थांबलं. काहून थांबलं? ण संपला. आता आमच्या वऱ्हाडात ण बोलते कोन? पन मास्तर शिकलेला, लिवतानी पानापानावर ण! अन् छापखान्यात जेवढे ण होते तेवढे सारे 'आग्रहाचे निमंत्रण' यात अडकून पडलेले. लोकाईचे लग्न लागतील, पत्रिका छापून निघतील, मंग ण सुटतील, मंग पुस्तक पुढं. मास्तर वाट पाह्यत राह्यला. सातपुते म्हना, ठाकरे म्हना, कोनाकोनाची पोरगी उजवली अन् त्या हिशोबानं यानं पुस्तक पुढं सरकवलं.

अन् तपासाले कच्चं पान हातात आलं, तं त्यात काय? लई जीव लावून लिवलेला तुकडा होता, पांढरा बैल वाटेत मरते तो. छापलेलं असं: 'धवळ्याने मान टाकली. सगळा तांडा भोवती उभा होता. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब उपस्थित राहून शोभा वाढवावी.' मास्तरनं ते दोनदा वाचलं. घनश्यामबाबू म्हनाले, पत्रिकेची ओळ चुकून आली, काढतो. काढली. पन मास्तर सांगते, का त्याले तिथी हसताही आलं नाई अन् रडताही आलं नाई. लिवनं जड नाई हो, हे जड.

पन हे सारं सोसलं असतं त्यानं. खरं ते पुढंच होतं.

त्याच कच्च्या पानाईतलं एक पान तो तांड्यावर घेऊन आला. खुशीत होता. खेमसिंगकाका वट्यावर जेवाले बसलेला, त्याले पान दाखवलं, का काका, हे पाहा, तुमचं नाव छापून आलं. खेमसिंगले वाचता येत नाई. त्यानं इचारलं, कोनतं? मास्तरनं बोट ठेवलं. खेमसिंग त्या बोटाखालच्या अक्षराकडं पाह्यत राह्यला... पाह्यत राह्यला... अन् उठून निंगून गेला. पुढं वाढलेलं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकाच्या दारापुढं पंचायत. सारा तांडा. खेमसिंगचं म्हननं एकच, पुस्तकातून नावं काढा.

आता काहून, हे तांड्यावर लहानथोर साऱ्याईले ठाऊक होतं, पन खेमसिंगनं त्या दिवशी पुन्हा सांगतलं, अन् शांतपनानं सांगतलं. त्याच्या जवानीत शेजारच्या गावात चोरी झाली होती. चोरी कुठीही होवो, शिपाई पहिले तांड्यावर. शिपायानं कागद काढला, जवान पोराईचे नावं लिवले, अन् ज्याचं लिवलं त्याले चौकीवर नेलं. खेमसिंग परत आला तवा त्याच्या उजव्या हाताचे बोटं मोडलेले होते. ते मंग कधी सरळ झालेच नाई. चोर पुढं भलताच निघाला. पन कागदावरचं नाव कोनी खोडलं नाई, अन् त्यानंतर कोनाची कोंबडी हरपली तरी पहिली हाक खेमसिंगले.

देवसिंगनं समजावलं. आता राज्य आपलं हाय, साऱ्या तांड्यालेच चोर मानायचा तो कायदा गेला, हे पुस्तक हाय, चौकीचा कागद नाई. खेमसिंगनं ऐकून घेतलं अन् म्हनला, "कायदा गेला असंल. कागद कुठी जाते, देवसिंग?"

याले जबाब काय? तुमी द्या. वाकडे बोटं समोर दिसून राह्यले होते. मास्तरनं मान खाली घातली अन् म्हटलं, काढतो.

तवा मांगून कोनीतरी इचारलं, का मंग मास्तर, तुझं?

"माझं राहू द्या," देवसिंग म्हनला. "कोनी धराले आलंच तं कागदावर एक नाव पाह्यजे. मी जाईन. बापूचंही काढतो, नुसतं देवसिंग राठोड ठेवतो."

आता भीमसिंगची पाळी. नायक होता, पंचायतीत नायक आखरीले बोलते. त्यानं पोराकडं पाह्यलंही नाई. जमिनीकडं पाह्यत म्हनला, "माझं ठेव. तू एकटा जाशील का चौकीवर?"

पंचायत उठली. रुपीबाई दाराआड उभी होती, ते आत निंगून गेली.

आपल्यात म्हनतेत ना, का पोरानं नाव काढलं, म्हंजे कीर्ती केली. यानं खरोखरच काढली, एकेक, चिमट्यानं. घनश्यामबाबूनं कपाळावर हात मारला. खेमसिंग काढून 'एक तरुण' घातलं का ओळ सरकते, ओळ सरकली का पान सरकते, पान सरकलं का सारं जुळवलेलं मोडा. पन कारन ऐकलं तवा त्याईनं चष्मा पुसला अन् कामाले लागले. एक म्हातारा, दुसरा म्हातारा, एक बाई, तिची जाऊ. एका पानावर तीन म्हातारे भांडतेत, अन् कोन कोनाले बोलून राह्यला हे लिवनाऱ्यालेही समजत नाई. बाप-लेकाचं नाव सोडलं तं राह्यले फक्त बैलाईचे नावं, कारन बैलाले चौकीवर कोन नेते? धवळ्या हाय, मोरप्या हाय, कबऱ्या हाय. साऱ्या पुस्तकात बैल ओळखू येते, मानूस नाई. 

अन् असं ते पुस्तक एकदाचं बांधून तयार झालं. मोटरीच्या टपावरून गठ्ठे बोरीले उतरले, तिथून बंडीनं तांड्यावर. मास्तरच्या मनात आनंद होता का? होता. पन आपल्याच घरात पाहुन्यासारखं बसावं, तसा.

भीमसिंग म्हनला, वाच. दिवस कललेला, नायकाच्या दारापुढं लोक बसले, मास्तर वाचू लागला. पह्यल्या दिवशी लोक अवघडून बसले. दुसऱ्या दिवशी हुंकार देऊ लागले. मंग अडान नदीचा पूर आला. त्यात असं हाय, का एका बाईचं तान्हं लेकरू लोंढ्यात गेलं, अन् एका तरुनानं बैलाची शेपटी एका हातात धरून, दुसऱ्या हातानं त्या लेकराले पान्याच्या वर धरून, पैलतीर गाठलं. मास्तरनं वाचलं अन् श्वास घ्याले थांबला.

समोर पोरं बसले होते. त्याईतल्या एकानं आपल्या मायले इचारलं, हा कोन होय? माय गप. सारे गप. नाव काढलेलं, तं कोनी घ्यावं कसं? फुलसिंग, जे लेकरू त्या दिवशी वाचलं होतं अन् आता नातवंडं खेळवते, तो खाली मान घालून बसला. खेमसिंग इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते. कोनी त्याच्याकडं पाह्यत नाई.

मंग तो उठला. त्याच्या गोरबोलीतच, तांड्याच्या भाषेत, इचारलं, "मारो नाम कत छ?" म्हंजे, माझं नाव कुठी हाय?

मास्तर म्हनला, काका, तुमीच काढ म्हनले.

"म्हनलो," खेमसिंग बोलला. "त्या शिपायानं मले इचारून नव्हतं लिवलं. आता मी सोता सांगून राह्यलो. लिव."

मास्तरनं खिशातून पेन काढला. 'एक तरुण' खोडलं अन् वर लिवलं, खेमसिंग. खेमसिंगनं ते अक्षर मोडक्या बोटानं चाचपलं, ओली शाई बोटाले लागली, ते त्यानं पुसली नाई. मंग म्हनला, एकातच कायले? साऱ्यात लिव.

साऱ्यात! अन् एकट्या खेमसिंगचं कसं भागंल? फुलसिंग उठला. बसंतीबाई आली, का मी 'तिची जाऊ' नोहे, मी बसंती. मेलेल्याईचे पोरं आले, का आमच्या बापाचं लिवा. मास्तर रोज शाळा सुटली का गठ्ठा सोडून बसे अन् प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक पानावर, जिथी जिथी म्हातारा तिथी तिथी नाव. बोटं सुजले त्याचे. घनश्यामबाबूले समजलं तवा ते एवढंच बोलले, का मास्तर, हेच तं मी पहिले जुळवलं होतं ना? राळेगावच्या एका दुकानदारानं मागवलेल्या प्रती वापस धाडल्या, का पुस्तकं शाईनं खराब झालेले हायेत, कोऱ्या प्रती धाडा. कोरी प्रत आनता कुठून? एक नव्हती. सारं पुस्तक आखरीले तांड्यावरच राह्यलं, घराघरात, देवाच्या कोनाड्यात. वाचता कोनाले येत नाई, पन आपलं पान कोनतं हे साऱ्याईले ठाऊक हाय.

तं मी म्हटलं, झालं, सुटला मास्तर. आता तरी निवांत बसंल. परवा गेलतो तांड्यावर, तं मास्तर पुन्हा लिवून राह्यला. नवे कागद, नवी शाई. मी म्हटलं, लेका, इतलं भोगलं, ण संपला, नावं काढली, नावं घातली, हात सुजला, अन् पुन्हा कायले?

त्यानं टाक न ठेवता दाराकडं मान केली. दारात एक म्हातारी बसलेली, पाय पसरून, पानाची चंची सोडून. लालीबाई. लग्न होऊन तांड्यावर आली ते मिठाची वाट बंद झाल्यावर, म्हनून पुस्तकात तिचं नावच नाई, ना खोडलेलं ना घातलेलं.

मास्तर म्हनला, "काय करू? लालीकाकी सकाळपासून बसली हाय. म्हनते, मी त्या वाटेनं चाललीच नाई तं कुठी लिवशील, हे तू पाह्य. पन लिवल्याबिगर मी उठत नाई."