मागच्या फलकावरचा फोटो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या सर्व मावश्या, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि एवढा मोठा पुष्पगुच्छ ठेवायचा कुठे या विवंचनेत असलेली माझी आई, सर्वांना सविनय नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. निवृत्त होणाऱ्या आईचं लेकीने कौतुक करायचं, यात अवघड ते काय? पण मी मघापासून मागे वळून बघायचं टाळतेय, हे पहिल्या रांगेला दिसत असेलच. त्याला कारण माझ्या मागचा हा फलक.

जाळीची टोपी, उगारलेला डाव, उघडं तोंड आणि खाली एकच शब्द, ‘संपलं!’ हे मीम इथे कुणाला माहीत नाही? परीक्षा झाली, टाका ‘संपलं’. कुणाचं जमलेलं मोडलं, टाका ‘संपलं’. चौदा वर्षं ते प्रत्येक तुकडीच्या ग्रुपवर फिरतंय. आईचं नावच ‘संपलंकाकू’ पडलं. आत्ताच पाहुणेही कौतुकाने म्हणाले, “हे कुणा हुशार डोक्यातून निघालं, कधी कळलंच नाही.”

तर पाहुणे, ते डोकं माझं.

आता सगळे फलक सोडून माझ्याकडे बघताय. साहजिक आहे.

आम्ही या देशात आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. भाषा पुस्तकातून शिकले, पण मुलांचे विनोद पुस्तकात कुठे असतात? सगळे फोनमध्ये बघून खिदळायचे. मी “काय झालं?” विचारलं की उत्तर यायचं, “समजावून सांगितलं की मजा जाते.” तीन वर्षं मधल्या सुट्टीत मी स्वयंपाकघरात, आईच्या शेजारी, उलट्या क्रेटवर बसून जेवायची. आईला तोवरही इथले तीनच शब्द येत: या, सरका, संपलं. एके दिवशी जेवण कमी पडलं. ती खिडकीतून रांगेवर ओरडली, मी फोटो काढला आणि घरी जाताना बसमधून शाळेच्या निनावी पानावर टाकला.

दुसऱ्या दिवशी मुलींनी बाकावर सरकून जागा दिली. “तुझी आई फेमस झाली!” सगळ्यांत मोठ्याने मी हसले. आयुष्यात पहिल्यांदा विनोद मला सगळ्यांच्या आधी कळला होता.

आणि त्या दिवशी खरंच संपलं होतं का हो? नव्हतं. एक ताट शिल्लक होतं, माझ्या मांडीवर.

आई, मला लाज वाटते. चौदा वर्षं वाटतेय. तुला कळलं तर काय, या धास्तीने आजही मी...

काय म्हणालीस?

मागच्यांना ऐकू आलं नसेल. आई म्हणतेय, “फोटो खिडकीच्या आतून काढलाय. आत तुझ्याशिवाय कोण बसायचं?”

म्हणजे पहिल्या दिवसापासून? मग बोलली का नाहीस?

थांब, मीच सांगते सगळ्यांना. ती म्हणतेय, “दुसऱ्या दिवशी तुझं ताट काढून ठेवलं होतं. तू आत आलीच नाहीस. खिडकीतून पाहिलं, तर पोरींमध्ये बसून जेवत होतीस. मग कशाला बोलू?”

अध्यक्षाबाई, पुढचं भाषण लिहून आणलं होतं, पण आता ते माझ्याने वाचवणार नाही. हा समारंभ ठेवलात, आईला सतरा वर्षं आपलं मानलंत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. चौदा वर्षांपूर्वीचं मात्र राहू द्या. ते एकीने आधीच घातलंय.